पातळ स्टेनलेस पाईपचं आर्गन वेल्डिंग: आतली बाजू आधी

बाहेरून बीड (वितळून गोठलेल्या धातूची जोडरेघ) सोनेरी आणि एकसारखी, पण पाईप चिरून आत पाहिलं की जोडावर काळी, खरखरीत, करपलेल्या साखरेसारखी खपली. नवशिक्याच्या पहिल्या काही जोडांत हमखास हेच दिसतं. वितळलेल्या स्टेनलेसला मागून हवा लागली की त्यातलं क्रोमियम जळतं आणि अशी खपली तयार होते. तिच्या खाली धातूची गंज रोखण्याची ताकद उरत नाही. खपलीच्या खाचाखोचांत पाणी, दूध, रसायन, जे काही पाईपमधून जाणार असेल ते अडकून बसतं आणि गंज तिथूनच सुरू होतो. बाहेरची बीड थोडी वेडीवाकडी असली तरी जोड टिकेल, आतली करपली तर टिकणार नाही.

त्यातही एक बरी गोष्ट आहे. बाहेरची बीड सुंदर यायला हात बसावा लागतो आणि त्याला महिने जातात. आतली बाजू मात्र हातापेक्षा तयारीवर जास्त अवलंबून असते, त्यामुळे ती पहिल्या आठवड्यातही चांगली येऊ शकते.

इथे पातळ म्हणजे १ ते २ मिमी भिंतीचा आणि साधारण २५ ते ६० मिमी व्यासाचा पाईप धरला आहे. ग्रेड ३०४ एल किंवा ३१६ एल. पद्धत टिग, म्हणजे वर्कशॉपमध्ये ज्याला सरळ आर्गन वेल्डिंग म्हणतात ती: टॉर्चमधल्या टंगस्टनच्या कांडीवरून आर्क, म्हणजे विजेचा झोत, पेटवायचा आणि भोवती आर्गन वायू सोडायचा.

हा धातू असा का वागतो

साध्या लोखंडावर हात बसलेला माणूस स्टेनलेसवर आला की पहिल्याच दिवशी भोकं पाडतो. स्टेनलेसमधून उष्णता साध्या लोखंडाच्या साधारण एक तृतीयांश वेगानेच पसरते, म्हणून दिलेली उष्णता जोडापाशीच साचत राहते. त्यात हा धातू तापल्यावर साध्या लोखंडाच्या जवळपास दीडपट फुगतो, त्यामुळे थंड होताना पाईप ओढला जातो आणि वाकतो. तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. साधारण ४२५ ते ८५० अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात धातू रेंगाळला तर कार्बन क्रोमियमला धरून बसतो आणि जोडाच्या शेजारची पट्टी गंजायला मोकळी होते. 'एल' ग्रेडमध्ये कार्बन ०.०३ टक्क्यांच्या आत ठेवलेला असतो तो यासाठीच. शिकताना आणि प्रत्यक्ष कामातही एल ग्रेडच घ्या.

तिन्ही गोष्टींवर उपाय एकच: कमी करंट, लहान डबकं (आर्कखाली वितळलेला धातू), आणि एका जागी न रेंगाळणं.

यंत्र आणि टॉर्च

डीसी टिग यंत्र हवं. टॉर्च ऋण टोकाला, अर्थिंगचा क्लॅम्प धन टोकाला. उलटं लावलं तर टंगस्टनचं टोक लगेच वितळून गोळा होतो. क्लॅम्प पाईपला स्वच्छ जागी थेट लावा. रंग लावलेल्या टेबलाला लावला तर आर्क डळमळतो आणि दोष टॉर्चला दिला जातो. यंत्राला हाय फ्रिक्वेन्सी स्टार्ट असेल तर उत्तम, कारण टंगस्टन कामाला टेकवावा लागत नाही. लिफ्ट स्टार्टवरही, म्हणजे टंगस्टन हलकेच टेकवून उचलला की आर्क पेटतो त्यावरही, शिकता येतं. टंगस्टन घासून पेटवायची जुनी पद्धत मात्र पातळ पाईपवर नको, कारण दर वेळी टंगस्टनचा कण जोडात राहतो.

करंट चालू असताना कमी-जास्त करता येणं फार उपयोगी पडतं. पायाचं पेडल असेल तर सराव लवकर होतो. नसेल तर यंत्रावरचा डाउन स्लोप (शेवटी करंट हळूहळू उतरण्याचा वेळ) ३ ते ५ सेकंदांवर ठेवा. बीड संपवताना करंट एकदम तुटला तर शेवटी खड्डा राहतो आणि त्यात चांदणीसारखी भेग पडते.

करंटचा अंदाज असा: १ मिमी भिंतीला २५ ते ३५ अँपिअर, १.५ मिमीला ४० ते ५५, २ मिमीला ५५ ते ७५. हा फक्त सुरुवातीचा आकडा आहे. पाईप जसजसा तापत जातो तसतसा तोच करंट जास्त वाटायला लागतो, आणि जोडाच्या शेवटच्या चतुर्थांशात ५ ते १० अँपिअर कमी करावे लागतात. पल्स (करंट आपोआप चढत-उतरत राहण्याची सोय) असेल तर तिला पहिल्या दिवशी हात लावू नका. साधा करंट समजल्यावर सेकंदाला १ ते २ पल्स, चढता काळ ३५ ते ४० टक्के आणि उतरता करंट मुख्य करंटच्या ३० टक्के, एवढ्यावर सुरू करा.

टंगस्टन १.६ मिमीचा, लँथनम मिसळलेला. दीड टक्केवाल्याच्या टोकाला सोनेरी रंग असतो, दोन टक्केवाल्याच्या निळा. लाल टोकाचा थोरियमवाला जुना आणि चांगला चालणारा आहे, पण थोरियम किरणोत्सारी असतं आणि घासताना त्याची धूळ श्वासात जाते. लँथनमवाला तितकाच चांगला चालत असताना ती जोखीम घ्यायचं कारण नाही. टोक पेन्सिलसारखं करा, उताराची लांबी व्यासाच्या अडीचपट म्हणजे सुमारे ४ मिमी. घासताना चाकाचे ओरखडे टंगस्टनच्या लांबीच्या दिशेने पडले पाहिजेत. आडवे ओरखडे असले तर आर्क टोकावरून इकडेतिकडे भटकतो. शेवटी अगदी टोकाला केसभर सपाटी द्या, नाहीतर सुईसारखं टोक जळून जोडात पडतं. टंगस्टन घासायचं चाक वेगळंच ठेवा.

टॉर्चला गॅस लेन्स बसवा. आत बारीक जाळी असलेला हा भाग गॅसचा झोत सरळ आणि शांत ठेवतो, आणि स्टेनलेसवर त्याचा फरक रंगात लगेच दिसतो. कप (टॉर्चच्या तोंडावरची टोपी) ८ नंबरचा, म्हणजे १२.७ मिमी तोंडाचा. कपाचा नंबर इंचाच्या सोळाव्या भागात मोजतात. टंगस्टन कपाबाहेर ५ ते ६ मिमी. आर्गन ९९.९९ टक्के किंवा त्याहून शुद्ध, मिनिटाला ७ ते ९ लिटर. जास्त गॅस म्हणजे जास्त संरक्षण ही समजूत चुकीची आहे: प्रवाह फार वाढला की झोतात भोवरे होतात आणि ते बाहेरची हवा आत ओढतात. पंखा बंद, दारातून येणारा वारा अडवलेला. बीड संपल्यावर गॅस ८ ते १० सेकंद चालू राहील असं यंत्र लावा आणि तेवढा वेळ टॉर्च जागेवरून हलवू नका. आर्क विझला की हात उचलायची सवय जवळपास सगळ्यांना असते, आणि बीडचं शेवटचं टोक काळं पडतं ते तेवढ्यामुळेच.

फिलर, म्हणजे डबक्यात भर घालायची तार: ३०४ एलला ईआर ३०८ एल, ३१६ एलला ईआर ३१६ एल. स्टेनलेस साध्या लोखंडाला जोडायचं असेल तर ईआर ३०९ एल. जाडी १ ते १.२ मिमी, २ मिमी भिंतीला १.६ चालेल. तार पाईपच्या भिंतीपेक्षा जाड नसावी. जाड तार डबक्यात बुडवली की ती डबक्याची उष्णता पिते, डबकं गोठतं, मग माणूस करंट वाढवतो आणि पुढच्या क्षणी भोक पडतं.

जिवाशी खेळ होतो अशा चार गोष्टी

स्टेनलेसच्या धुरात षटसंयुजी क्रोमियम असतं, ते कर्करोगकारक आहे. टिगचा धूर डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही, म्हणून तो नाही असं वाटतं. धूर ओढणारी नळी जोडाच्या बाजूला, आर्गनचा झोत ढळणार नाही इतक्या अंतरावर ठेवा, आणि योग्य फिल्टरचा मास्क घाला.

पाईप पुसायला क्लोरीन असलेलं कुठलंही द्रावण वापरू नका. काही ब्रेक क्लीनर त्यातलेच असतात. आर्कच्या अतिनील किरणांनी आणि उष्णतेने त्यांच्या वाफेचा फॉस्जीन हा विषारी वायू होऊ शकतो. अॅसिटोन वापरा, ते पूर्ण उडून जाऊ द्या आणि बाटली दूर ठेवा.

आर्गनला वास नाही, रंग नाही, आणि तो हवेपेक्षा जड आहे. खड्ड्यात, टाकीत किंवा बंद खोलीत तो तळाशी साचतो आणि माणूस काहीही न जाणवता बेशुद्ध पडतो. पर्जिंग (पाईपच्या आत आर्गन भरणं) करताना जागा हवेशीरच हवी.

हेल्मेटची काच १० नंबरची, कमी करंटला ९ चालते. चकचकीत स्टेनलेसवरून आर्कचा उजेड उलटून हनुवटीखाली आणि गळ्यावर येतो, म्हणून शर्टाचं वरचं बटण लावा. कपडे सुती. आणि हा धातू थंड व्हायला वेळ लावतो, त्यामुळे बीडपासून वीतभर लांबही हात लावण्याआधी दोन मिनिटं थांबा.

कापणं आणि जुळवणं

यावर जितका वेळ घालवाल तितका टॉर्चच्या वेळी वाचतो. पातळ भिंतीच्या पाईपला तिरकी धार काढायची गरज नाही. दोन्ही तोंडं काटकोनात कापायची आणि एकमेकांना पूर्ण टेकवायची.

बँडसॉ किंवा पाईप कटरने काप सरळ येतो. कट-ऑफ चाकाने कापलं तर कड निळी होते, ती निळाई कानशीने घालवावी लागते. कापल्यावर तोंड सपाट काचेवर किंवा फरशीवर उभं करा आणि मागून बॅटरी धरा. खालून उजेडाची रेघ दिसली तर काप तिरका आहे. मग दोन तुकडे टेकवून फटीत साधा छपाईचा कागद घाला. तो साधारण ०.१ मिमी जाड असतो. एक कागद अडत-अडत गेला तर १.५ मिमी भिंतीला चालेल, दोन एकदम सरकले तर पुन्हा कानस. फट भिंतीच्या दहाव्या भागाहून मोठी असेल तर नवशिक्याने तो जोड पेटवूच नये. त्या फटीत वितळायला धातूच नसतो, दोन्ही कडा एकमेकींपासून पळतात आणि बिनफिलरचं डबकं सरळ आत कोसळतं.

आतून आणि बाहेरून कडेची धार काढा, पण आतली कड गोल करू नका. दोन्ही पाईपांच्या भिंती एका रेषेत आहेत का ते नखाने चाचपा. नख अडकलं तर पाईप फिरवून पाहा, कारण पाईप अगदी गोल क्वचितच असतो आणि थोडं फिरवल्यावर दोन लंबगोल जुळतात. पाईपवर लांबीच्या दिशेने कारखान्यातली शिवण असेल तर दोन तुकड्यांच्या शिवणी समोरासमोर आणू नका, पाव फेरा सरकवा.

जोडापासून दोन्हीकडे २५ मिमी पट्टा आतून आणि बाहेरून घासा, मग अॅसिटोनने पुसा. फडक्यावर काळं येणं थांबेपर्यंत फडकं बदलत राहा. फिलरची तारही पुसा, तिच्यावरही तेल असतं. ब्रश स्टेनलेसच्या तारांचा आणि फक्त स्टेनलेससाठी राखलेला. साध्या लोखंडावर एकदा फिरवलेला ब्रश किंवा ग्राइंडरचं चाक स्टेनलेसवर लोखंडाचे कण सोडतं आणि काही दिवसांत तिथे तपकिरी ठिपके उमटतात.

पर्जिंग: पाईपच्या पोटात आर्गन

इथे घाई झाली की बाकी सगळी मेहनत वाया.

पाईपची दोन्ही टोकं बंद करायची. सरावाला अॅल्युमिनियमची चिकटपट्टी पुरते, रोजच्या कामाला रबरी किंवा सिलिकोनची बुचं बरी. एका टोकाला आर्गन आत यायची नळी, दुसऱ्या टोकाला हवा बाहेर जायचं भोक. आर्गन हवेपेक्षा जड असल्याने तो खालून भरा आणि भोक वर ठेवा. पाईप आडवा असेल तर भोकाचं टोक थोडं उचला. असं केलं की आर्गन तळाशी पसरतो आणि हवेला वर ढकलत बाहेर काढतो. उलटं केलं तर दोन्ही मिसळतात आणि कितीही वेळ सोडलं तरी थोडी हवा उरतेच. जोडाची उघडी फटही बाहेरून चिकटपट्टीने झाका. वेल्डिंग करताना पुढे-पुढे थोडी थोडी सोलत जायची.

वेळ अंदाजाने ठरवू नका, मोजा. आतून ५० मिमी व्यासाचा १ मीटर पाईप म्हणजे पोटात सुमारे २ लिटर जागा. त्या जागेच्या दहापट आर्गन जाऊ द्या, म्हणजे २० लिटर. मिनिटाला ८ लिटर सोडला तर अडीच मिनिटं. ३ मीटरच्या पाईपला साडेसात मिनिटं लागतील. लांब पाईपमध्ये जोडाच्या दोन्ही बाजूंना १५ ते २० सेंटिमीटरवर अडसर घातले तर गॅसही वाचतो आणि वेळही. पाण्यात विरघळणाऱ्या कागदाचे अडसर यासाठी मिळतात, ते नंतर धुऊन निघून जातात. जोडाच्या फार जवळ ठेवले तर जळतात.

भोकापाशी लायटर धरून ज्योत विझते का बघणं ही सर्रास चालणारी युक्ती आहे. ज्योत विझली तर आर्गन पोचला एवढंच कळतं. ऑक्सिजन १५-१६ टक्क्यांवर आला की ज्योत विझते, आणि आपल्याला तो ०.१ टक्क्याच्याही खाली हवा आहे. म्हणून ज्योत विझल्यावरही मोजलेला वेळ पूर्ण करा. ऑक्सिजन मीटर असेल तर प्रश्नच मिटतो.

भरून झाल्यावर प्रवाह मिनिटाला ३ ते ५ लिटरवर आणा आणि मगच आर्क पेटवा. बाहेर जायचं भोक आत येणाऱ्या नळीपेक्षा लहान नको. पोटात दाब वाढला तर मऊ डबकं बाहेर फुगतं, आणि आतून मूळ (बीडची आतली बाजू) खोलगट राहतं. शेवटचे १०-१५ मिमी उरले की धोका सर्वांत जास्त, कारण तोवर फटीतून निसटणारा गॅसही अडलेला असतो. तेव्हा प्रवाह आणखी कमी करा. शेवटी डबक्यात बुडबुडा फुटून भोक पडत असेल तर कारण बहुतेक वेळा हाच दाब असतो, हात नाही.

एकाच फ्लोमीटरवरून वाय आकाराचा जोड लावून टॉर्च आणि पर्ज दोन्ही चालवलं तर कुठे किती गॅस जातो ते कळत नाही. दोन वेगळे फ्लोमीटर घ्या. बीड संपल्यावरही पर्ज लगेच बंद करू नका, जोडावर हात धरवेल इतका तो निवेपर्यंत चालू द्या.

हात बसवण्याचा क्रम

पाईपवर लगेच उडी मारू नये. आधी १.५ मिमी जाडीचे स्टेनलेस पत्र्याचे १०० बाय १५० मिमीचे तुकडे घ्या. फिलर न घेता नुसत्या रेघा ओढा, एकमेकींपासून १५ मिमीवर. पत्र्याखाली तांब्याची पट्टी ठेवली तर मागची बाजू कमी करपते. लक्ष आर्कच्या उजेडाकडे नको, त्याच्या खाली चमकणाऱ्या डबक्याकडे हवं. त्याची रुंदी ४ मिमी झाली की पुढे सरका. रुंदी वाढली म्हणजे हात मंद आहे, कमी झाली म्हणजे घाई होतेय. आर्कची लांबी १ ते १.५ मिमी, म्हणजे टंगस्टन जवळजवळ टेकेल इतका खाली. लांब आर्क डबकं पसरवतो आणि गॅसचं संरक्षणही सोडतो. टॉर्च उभा, सरकण्याच्या दिशेपासून मागे १० ते १५ अंश कललेला.

रेघा सरळ आणि एका रुंदीच्या यायला लागल्या की फिलर. तार पत्र्याला जवळजवळ समांतर, १५ अंशांवर. डबक्याच्या पुढच्या कडेला टेकवा, थेंब सुटला की तार एक सेंटिमीटर मागे घ्या. त्याहून मागे नको: तारेचं तापलेलं टोक आर्गनबाहेर गेलं की काळं होतं आणि पुढच्या वेळी तीच घाण डबक्यात जाते. टोक काळं झालं तर पक्कडीने कापून टाका. आर्कमध्ये तार वरून टाकायची नाही, डबक्याने ती वितळवायची.

मग पाईप. पहिल्यांदा पेटवण्याआधी कोरडी फेरी करा: आर्क न पेटवता, हात पाईपवर टेकवून पाव फेरा पूर्ण फिरवून पाहा. मनगट मध्येच अडतं का, कोपर कुठे टेकतो, केबल कुठे ओढते. वेल्डरच्या हाताला टेकू नसला की तो थरथरतोच. दुसऱ्या पाईपचा तुकडा, लाकडी ठोकळा, काहीही चालेल.

एक जोड, पहिल्यापासून शेवटपर्यंत

५० मिमी व्यास, १.५ मिमी भिंत, ३०४ एल. पाईप दोन रोलरवर किंवा व्ही आकाराच्या ठोकळ्यांत आडवा, हाताने फिरवता येईल असा. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे वरचा बिंदू १२ धरू.

पर्ज पूर्ण झाल्यावर चार टॅक (तुकडे जागेवर धरणारे छोटे टाके). क्रम समोरासमोर: आधी १२ वर, मग ६, मग ३, मग ९. शेजारी-शेजारी घेतलं तर पहिला टॅक थंड होताना समोरची फट उघडतो. टॅक फिलरशिवाय, ३ ते ४ मिमी लांब आणि भिंतीतून आरपार गेलेला. वरवरचा टॅक पुढे बीडच्या मुळात न जोडलेली रेघ सोडतो. प्रत्येक टॅकनंतर पट्टीने पाईप सरळ आहे का पाहा. अजून हाताने दुरुस्त होतो, नंतर होणार नाही.

करंट ५०. उजव्या हाताचा वेल्डर साधारण दोनच्या जागेवर पेटवून वर १२ कडे जाईल, डावखुरा दहावरून. थोडं चढावर काम केल्याने डबकं मागे बीडवर टेकतं, पुढे वाहत नाही. सुरुवात दोन टॅकच्या मधोमध. आर्क पेटला की तिथेच थांबून बघा: आधी दोन्ही कडा वेगवेगळ्या चमकतात, मध्ये काळी रेघ दिसते. मग त्या एकमेकींकडे धावतात आणि रेघ नाहीशी होते. पुढच्या क्षणी डबकं किंचित खाली बसतं, जणू त्याने श्वास सोडला. भिंत आरपार वितळल्याची ती खूण आहे, आणि हे बसणं ओळखता येणं हेच या कामातलं निम्मं कौशल्य. बसलं की फिलरचा एक थेंब, २ मिमी पुढे, पुन्हा बसण्याची वाट, पुन्हा थेंब. डबकं बसून थांबलं नाही, खोल जाऊ लागलं, तर थेंब लगेच द्या आणि पेडल सोडत सरका.

१२ ओलांडून पाव फेरा झाला की करंट हळू उतरवा, शेवटचा थेंब द्या, आर्क विझवा, गॅस थांबेपर्यंत टॉर्च तसाच धरा. ५० मिमी पाईपचा परीघ साधारण १५७ मिमी, म्हणजे हा पाव फेरा जेमतेम ४० मिमी. पुढचा पाव फेरा शेजारचा नको, समोरचा. मध्ये जोड कोमट होईपर्यंत थांबा. सलग फिरवत पूर्ण करायचा मोह होतो, पण तिसऱ्या पावापर्यंत पाईप इतका तापतो की ५० अँपिअर ७० सारखे वागतात.

टॅकजवळ आल्यावर तो पूर्ण वितळवून पुढे जा, वरून ओलांडू नका. शेवटी सुरुवातीच्या बीडवर ५ ते ८ मिमी चढून थांबा, म्हणजे सुरुवातीचं थंड, अर्धवट वितळलेलं टोक पुन्हा वितळतं.

रंग काय सांगतो

चंदेरी किंवा फिकट सोनेरी म्हणजे उत्तम. गडद सोनेरी, जांभळट, निळा म्हणजे उष्णता जास्त गेली किंवा गॅस लवकर हटला. सरावात ठीक, पण अन्न किंवा औषधाच्या लायनीत आतून असा निळा सहसा नाकारतात. राखाडी, मळकट काळा म्हणजे हवा लागली. बाहेर काळा आला तर कप, प्रवाह, वारा आणि आर्कची लांबी या क्रमाने तपासा. आत काळा आला तर पर्ज. आत फक्त एका बाजूला, बहुधा वर, काळा आला तर तिथे हवेचा कप्पा उरला होता: भोक सर्वांत उंच जागी नव्हतं.

जोडाच्या मध्यावर आतून काळी सरळ रेघ उरली असेल तर कडा वितळल्याच नाहीत. करंट ५ अँपिअर वाढवा, किंवा थेंब देण्याआधी डबकं बसण्याची वाट पाहा. लवकर दिलेला थेंब डबकं गार करतो. बीडवर बारीक छिद्रं असतील तर तेल, ओलावा किंवा गॅसची गळकी नळी. आर्क एकाएकी हिरवट होऊन पसरला तर टंगस्टन डबक्याला किंवा तारेला लागला आहे. तिथेच थांबा, टंगस्टन पुन्हा घासा आणि जोडावरचा राखाडी डागही घासून काढा. तसंच पुढे गेलात तर तो कण जोडात कायमचा राहतो.

भोक पडलं तर ते लगेच भरायच्या मागे लागू नका. थांबा, पाईप गार होऊ द्या, भोकाची कड कानशीने चकचकीत करा, करंट १० ने कमी करा आणि कडेवर थेंब लावत-लावत भोक लहान करत आणा. पर्ज चालू हवाच.

बाहेरचा रंग राखीव ब्रशने जातो, पण ब्रशने ऑक्साइड पूर्ण जात नाही. गंजाचा प्रश्न असलेल्या कामात पिकलिंग पेस्ट (ऑक्साइड विरघळवणारा आम्लाचा लेप) लावतात. तिच्यात नायट्रिक आणि हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं. हायड्रोफ्लोरिक कातडीतून आत शिरतं आणि वेदना कधी कधी तासांनी सुरू होतात. योग्य हातमोजे, चेहऱ्याची ढाल आणि जवळ कॅल्शियम ग्लुकोनेट जेल नसेल तर पेस्टचा डबा उघडू नका. शिकणाऱ्याने या पेस्टपासून लांबच राहावं.

चिरून पाहणं

सरावाचा प्रत्येक जोड लांबीच्या दिशेने दोन भागांत कापा. बाहेरून बघून स्वतःला गुण देऊ नका. आत मूळ सगळीकडे दिसलं पाहिजे, १ ते ३ मिमी रुंद, भिंतीच्या पातळीवर किंवा किंचित उंच. मग त्यातूनच १० मिमी रुंदीची पट्टी काढा, शिकंज्यात जोड जबड्याच्या अगदी वर ठेवा आणि मूळ बाहेरच्या बाजूला येईल असं हातोडीने वाकवा. मुळाशी भेग उघडली तर तिथे कडा जुळल्या नव्हत्या. प्रत्येक तुकड्यावर मार्करने करंट, पर्जचा वेळ आणि प्रवाह लिहून तो जपून ठेवा. दहा-बारा तुकडे शेजारी मांडले की आपल्या हाताला कुठला आकडा मानवतो ते दिसतं.

फिरवून केलेले पाच जोड सलग आतून फिकट सोनेरी आले की पाईप जागेवर पक्का करून बघायला हरकत नाही. आधी उभा पाईप, म्हणजे जोड आडव्या रेषेत. तिथे डबकं खालच्या कडेवर घसरतं, म्हणून टॉर्चचा रोख थोडा वरच्या भिंतीकडे आणि थेंबही वरच्या कडेला. मग आडवा पक्का पाईप, सहावरून दोन्ही बाजूंनी वर १२ पर्यंत. तळाशी डबकं बाहेर लोंबतं आणि आतून मूळ खोलगट राहतं. तिथे आर्क शक्य तितका आखूड, करंट दोन-तीन अँपिअर कमी, आणि थेंब लहान पण लवकर-लवकर.